मोजणीदारांचा ऑस्ट्रेलिया

१२ मार्च. एप्रिलच्या ऑस्ट्रेलियाच्या गटाची खोल्यांची यादी लावत बसले आहे. कराडात सहलींचा व्यवसाय करणाऱ्या बाईला रोज नवं जग बघायला मिळतं अशी लोकांची समजूत असते. प्रत्यक्षात तिला याद्या बघायला मिळतात. कोण घोरतं, कुणाला खालचा मजला लागतो, कुणाचं कुणाशी मागच्या सहलीत लोणच्यावरून बिनसलं, हे सगळं ध्यानात ठेवून माणसं दोन-दोन करून खोल्यांत बसवायची. अठरा माणसांच्या जोड्या लागल्या. एकोणिसावं नाव मी पेन्सिलीनं लिहिलं आणि दोनदा खोडलं. ते आमच्या मोजणीदारांचं. जगात बघण्यासारखं काहीही नाही, याची पदरचे पैसे भरून, समुद्र ओलांडून, जागेवर जाऊन खात्री करून आलेला माझ्या माहितीतला हा एकटाच माणूस.

मोजणीदार हे पाटबंधारे खात्यातलं पद. पाटाचं पाणी कुणाच्या किती रानाला मिळालं ते हे लोक मोजतात. आमचे मोजणीदार निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, तरी लोणंदला त्यांना दुसऱ्या नावानं कोणी हाक मारत नाही. गेल्या वर्षी जानेवारीत ते पॅसेंजरनं कराडला आले आणि स्टेशनापासून रिक्षा न करता चालत माझ्या ऑफिसात पोचले. धोतर, पांढरी टोपी, खिशाला दोन पेनं. मी त्यांना रंगीत पत्रक उलगडून दाखवलं. समुद्रातली प्रवाळं, लाल खडक, तिथल्या मूळ लोकांची नाचगाणी, सगळं सांगितलं. ते वरच्या पंख्याकडे बघत होते. माझं सांगून झाल्यावर म्हणाले, "मेलबर्नला दोन दिस हायत न्हवं? मला तेवढंच पायजे. बाकीचं तुमी दावाल ते बघू."

मेलबर्नपासून सहा तासांवर द्राक्षाच्या मळ्यांत त्यांचा मुलगा कामाला आहे. एकुलता एक. आई लहानपणीच गेली, मोजणीदारांनीच वाढवला. अठरा वर्षांत बापलेकांची भेट नाही. दिवाळीला दोन ओळींचा निरोप येतो, त्याला दोन ओळींचं उत्तर जातं. कारण मला त्यांनी फॉर्म भरताना सांगितलं, तेही जन्मतारीख सांगावी तितक्याच कोरडेपणानं. पाटाच्या पाण्याची पाळी शेवटच्या शेतापासून सुरू करून वर पाटाच्या तोंडाकडे आणायची, असा नियम. तोंडाशी शेत असलेला माणूस कधीही पाटावरचं आपलं दार उघडून पाणी घेऊ शकतो. शेवटच्याला कोण विचारणार, म्हणून आधी त्याला. हा नियम कागदावर सगळीकडे होता. मोजणीदारांच्या शाखेवर तो खरोखर पाळला जायचा. त्यांची स्वतःची चार एकर अगदी तोंडाशी. मुलानं तिथं डाळिंब लावलं होतं, तीन वर्षांची बाग, पहिला बहार धरलेला. त्या उन्हाळ्यात धरणात पाणी कमी. शेवटापासून भिजवत पाळी वर येता येता आवर्तन, म्हणजे पाटाला सोडलेलं पाणी, बंद झालं. त्याआधी पाट दारावरून वाहत होता तेव्हा मुलगा म्हणाला, आबा, एक रात्र दार उघडा. आबांनी उघडलं नाही. बाग गेली आणि वर्षाच्या आत मुलगाही गेला.

अशा माणसाला बरोबर घेऊन मी एकवीस जणांचा गट ऑस्ट्रेलियात फिरवला. पहिल्याच दिवशी काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळं दाखवली. सगळे वाकून वाकून निळे-पिवळे मासे बघत होते. मोजणीदारांनी काठावरून हात सोडून एक बोट पाण्यात बुडवलं, जिभेला लावलं आणि "खारं" एवढंच म्हणून पाठ फिरवून बसले. पुढे एक मोठा धबधबा आला. सगळ्यांनी फोटो काढले, यांनी वरच्या प्रवाहात एक वाळकं पान सोडलं, घड्याळ बघितलं, पान कुठवर जातं ते पावलांनी मोजलं आणि ओठ हलवत हिशेब केला. गटात सांगलीचे एक हळदीचे व्यापारी होते, गळ्यात सदैव ती फुगवायची उशी घालून. त्यांनी मुद्दाम विचारलं, "काय मोजणीदार, किती क्युसेक?" मोजणीदारांनी आकडा सांगितला आणि म्हणाले, "आन् एक गुंठा भिजत न्हाई." अगदी शेवटी, मेलबर्नच्या पहिल्या दिवशी, समुद्रात उभे असलेले प्रसिद्ध बारा सुळके दाखवले, ते त्यांनी तीनदा मोजले. सातच भरले. बाकीचे पडलेत किंवा कधी नव्हतेच, असं मी सांगितल्यावर म्हणाले, "आमच्या खात्यात यादीत बारा आन् जाग्यावर सात निघालं असतं तर मानूस निलंबित झाला असता."

मूळ लोकांच्या कलाकेंद्रात सगळ्यांना बूमरँग फेकायला दिलं. व्यापाऱ्यांचं निम्म्यातून वळलं. मोजणीदारांचं सरळ गेलं ते गेलंच. तिथला शिकवणारा तरुण हसून म्हणाला, राहू दे, आम्ही संध्याकाळी गोळा करतो. पण दुसऱ्याच्या मालकीची वस्तू जागेवर परत करायची असते. मोजणीदार ऊन डोक्यावर घेत गवतात शिरले. बस वीस मिनिटं थांबली. ते बूमरँग घेऊन आले, त्या तरुणाच्या हातात दिलं, आणि किती पावलांवर पडलं होतं तेही सांगितलं. मी त्याचं इंग्रजी करून सांगितलं नाही.

पण खरा ताप त्यांच्या नियमाचा झाला. बस थांबली की हे मधल्या वाटेत दोन्ही हात पसरून उभे राहायचे आणि पुढच्यांना उतरू द्यायचे नाहीत. आधी शेवटची रांग. हॉटेलात नाश्त्याच्या रांगेत शेवटच्या माणसाला मनगटाला धरून पुढे आणायचे. एकदा तर आमच्या गटाशी काही संबंध नसलेल्या एका जपानी आजोबांना आणलं, आणि ते वाकून वाकून आभार मानत सगळ्यांच्या आधी नाश्त्याला बसले. व्यापाऱ्यांनी पुढची सीट मिळावी म्हणून सहा महिने आधी नाव नोंदवलं होतं. ते दोन दिवस मोजणीदारांशी भांडले, तिसऱ्या दिवशी गुपचूप उशी घेऊन मागच्या रांगेत गेले. चौथ्या दिवसापासून शेवटच्या सीटसाठी मारामारी. पुढच्या चार रांगा रिकाम्या, तिथं ड्रायव्हरशेजारी मी एकटी. मोजणीदारांच्या खोलीतले निवृत्त मास्तर रोज सकाळी माझ्याकडे तक्रार आणायचे. मास्तर आंघोळीला गेले की मोजणीदार बाहेरून घड्याळ लावायचे आणि दार वाजवून म्हणायचे, "बास, गुरुजी." नळ गळत होता म्हणून त्यांनी कचऱ्याचा डबा धुऊन खाली लावला होता आणि त्या पाण्यानं स्वतः आंघोळ करत होते.

मग आम्ही उलुरूला पोचलो. सपाट लाल मुलखात एकच एक प्रचंड खडक. माणदेशात वाढलेल्या माणसाला त्या मातीचं काय कौतुक. तिथल्या मूळ लोकांपैकी साठीची एक बाई आम्हाला खडकाच्या पायथ्याशी पाण्याच्या एका कुंडाकडे घेऊन गेली. पायात स्लिपर, हातात माश्या हाकलायची डहाळी, आणि रोज तेच तेच सांगून कंटाळलेला आवाज. तो कंटाळा माझ्या ओळखीचा आहे. ती म्हणाली, आमची म्हातारी माणसं कुंडाशेजारी मुक्काम करायची नाहीत. पाणी घ्यायची आणि लांब जाऊन बसायची, म्हणजे मागून येणाऱ्या जनावरांना भिऊन परत जावं लागायचं नाही.

गट फोटो काढत पुढे सरकला. मोजणीदार तिथंच धोतर सावरून उकिडवे बसले. ती बाईही जरा लांब दगडावर टेकली. त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, "ताई, हिला इचारा. पाणी थोडं हाय, पाळी दुसऱ्याची हाय, आन् आपलंच पोर तान्हेलं हाय. तर?"

मी विचारलं. असला प्रश्न तिला पर्यटकांकडून आला नसावा. तिनं आधी त्यांच्याकडे बघितलं, मग डहाळी मांडीवर ठेवली आणि साधं उत्तर दिलं: पोराला पाणी देईन. मग ज्याची पाळी असेल त्याच्याकडे चालत जाईन आणि सांगेन, तुझं पाणी मी माझ्या पोराला पाजलं. त्यानं शिव्या दिल्या तर ऐकून घेईन. मी ते मराठीत जसंच्या तसं सांगितलं. मोजणीदार बराच वेळ कुंडाकडे बघत होते. तिथं त्यांनी पान सोडलं नाही, काही मोजलं नाही. उठताना त्यांचा गुडघा अडकला, तेव्हा त्या बाईनंच हात दिला.

मेलबर्नच्या दुसऱ्या दिवशी मोकळीक होती. गट बाजारात गेला. मोजणीदार धुतलेलं धोतर नेसून सहा वाजल्यापासून हॉटेलच्या दाराजवळच्या खुर्चीत बसले. मुलानं "जमलं तर येतो" असं कळवलं होतं. मी तिथंच टेबलावर माझी कामं करत होते. ते काचेचं फिरतं दार दिवसभर फिरत होतं आणि दर वेळी ते पाठ सरळ करत होते. जेवायला उठले नाहीत. मी दोन वेळा चहा आणून दिला. चार वाजता माझ्या फोनवर निरोप आला: द्राक्षाची तोडणी चालू आहे, मालक सोडत नाही, जमणार नाही, आबांना सांगा.

मी सांगितलं. वाईट बातमी लांबवून सांगण्यात काही फायदा नसतो. ते म्हणाले, "तोडणी टाकून यायचं न्हाई. माल खराब हुतो." थोड्या वेळानं म्हणाले, "म्हंजी बाग जित्ती हाय त्याच्या हाताखाली." मी विचारलं, फोन लावून देऊ का. तर म्हणाले, "फोनवर न्हाई. ती बाई चालत जाऊन सांगणार हुती." मग खुर्ची होती तशी भिंतीला लावून ठेवली आणि बॅग भरायला वर गेले.

हे झालं गेल्या वर्षी. गेल्या सोमवारी ते परत ऑफिसात आले. या वेळी रिक्षानं. दहा पायऱ्या चढून आल्यावर पाच मिनिटं बोलता येईना. खिशातून डॉक्टरांचा दाखला काढून समोर ठेवला. हृदय कमजोर आहे, लांबचा प्रवास शक्यतो टाळावा, केल्यास स्वतःच्या जबाबदारीवर करावा. मी म्हटलं, काका, आमच्याकडे सत्तरीच्या पुढं असा दाखला असेल तर जवळच्या नातेवाइकाची संमती लागते. सही कोण करणार? त्यांनी दाखल्याची घडी घातली. मग म्हणाले, "एकच हाय. त्याच्याकडं सही मागायचं तोंड न्हाई मला. दार उघडा म्हनला तवा मी काय केलं?" मी विचारलं, तिकडे जाऊन तरी काय करणार? गट काही सहा तास वाट वाकडी करून द्राक्षाच्या मळ्यात जाणार नाही. मेलबर्नलाच थांबावं लागेल, गेल्या वर्षीसारखं. म्हणाले, "थांबतो की."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की संमती नाही तर जागा नाही. नियम माझा आहे आणि चांगला आहे. मागे एका गृहस्थांना मी परदेशातल्या दवाखान्यात अकरा दिवस सांभाळलंय, मला माहीत आहे. मोजणीदारांनी मान हलवली. नियमाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती; नियमाबद्दल तक्रार करणं त्यांना येतच नाही. जाताना जिन्यात दोनदा थांबल्याचा आवाज आला. चार दिवस झाले, पेन्सिल माझ्याच हातात आहे.

हे सगळं काल लिहिलं. आज सकाळी सात वाजता, तिकडे दुपारची जेवणाची सुट्टी असेल अशा बेतानं, मी त्या मुलाला फोन लावला. नंबर गेल्या वर्षीच्या फॉर्मवर होता. मी कोण ते सांगितलं, दाखल्यात काय लिहिलंय ते वाचून दाखवलं, संमतीचा कागद पाठवते म्हणाले, आणि सही केली नाही तरी मी समजून घेईन असंही सांगितलं. त्या पाण्याच्या कुंडाचं काही सांगितलं नाही. ते माझं काम नाही, ज्याचं आहे तो सांगेल.

पलीकडे पंपाचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "मॅडम, मेलबर्नला कवा पोचताय?" मी तारीख सांगितली. म्हणाला, "तोडणी संपती तवर. कागद पाठवा." मग फोन ठेवतोय असं वाटलं, तोच परत बोलला, "आन् आबांना ती टोपी पुरायची न्हाई हिथं. ऊन लय वाईट हाय. कान झाकतील अशी रुंद काठाची बघा."

कागद पाठवला आणि दुकानं उघडल्याबरोबर बाजारात गेले. कापडी, रुंद काठाची एक टोपी मिळाली. दुकानदारानं माप विचारलं. ते मला माहीत नव्हतं. मोठी घेतली.