अडतीस जणांचा फलक

कामिनी कापगते मॅडमनी सव्वीस वर्षांत गणित सोडून कशाचाच हट्ट धरला नव्हता. स्कूटी पंचवीसच्या वर नाही, आवाज पहिल्या बाकाच्या पुढे नाही. पण गणितात उत्तर बरोबर असूनही पायऱ्या गाळल्या, तर गुण कापलेच समजा. साकोली तालुक्यातल्या त्या गावात त्यांच्या या स्वभावाला मुलं भीत आणि पालक कंटाळत.

गेल्या महिन्यात पेपरात फोटो आला. गडचिरोलीच्या जंगलात पकडलेला नक्षलवादी, अंकुश. खाली छापलेलं, ‘अत्यंत गरीब घरचा, सातवी नापास.’ मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला. अंकुशचा बाप केवळराम, तलावाखाली आठ एकर धानाच्या बांध्यांचा मालक. आणि पोरगा २०१० साली त्यांच्याच शाळेत दहावीत पहिला, त्र्याण्णव टक्के. पुढे नागपूरला इंजिनीअरिंगची दोन वर्षं. मग एकदम गायब.

शाळेच्या व्हरांड्यात गुणवंतांचा फलक होता. दरवर्षीचा पहिला नंबर त्यावर पिवळ्या रंगात. तिथे अंकुशचं नाव पंधरा वर्षं झळकत होतं. आता संस्थेचे अध्यक्ष, धानाचे व्यापारी भैय्याजी, यांनी बैठक बोलावली.

“पेपरवालेच सातवी म्हणून राहिले, तं आपण कायले दहावी म्हणाचं जी? पुसून टाका नाव. बदनामी होते शाळेची.”

“मग त्या साली पहिला कोण?” मॅडमनी विचारलं.

भैय्याजींनी अतिशय नम्रपणे छताकडे पाहिलं. त्या साली चार गुणांनी दुसरा आलेला त्यांचा कुलदीप सध्या त्यांच्याच दुकानात बसत होता. “नियमानं जो येईन तो. आपलं काई म्हणणं नाही.”

“नाव राहील,” मॅडम म्हणाल्या.

“तुमाले नक्षलवाद्याचा पुळका आला काय?”

“पुळका कशाचा? त्याने जे केलं त्याची शिक्षा त्याला होवो. पण आपण दरवर्षी पोरांना सांगतो, शिका, नाहीतर वाया जाल. हा तर शिकून गेला. खात्यापित्या घरातून गेला. मधल्या पायऱ्या कोणत्या, ते शोधायचं सोडून तुम्ही उत्तरच खोडून राहिले.”

आवाज पहिल्यांदाच चौथ्या बाकापर्यंत गेला. कारण बोच जुनी होती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी अंकुश त्यांच्या घरी आला होता. दोन तास बोलला. वसतिगृहावर येणारी माणसं, त्यांची पुस्तकं, बंदुकीशिवाय या देशात कोणी कोणाचं ऐकत नाही, असं काहीबाही. मॅडमनी पोहे दिले आणि ‘अभ्यासात लक्ष दे’ म्हणून वाटेला लावलं. हुशार पोराची काळजी कोण करतो? काळजी सगळी नापासांसाठी राखून ठेवलेली.

भैय्याजींनी मग हुकमाचा पत्ता टाकला. “रुखमिणीबाईले विचारा. थे हो म्हणन, तं ठेवा.”

रुखमिणीबाईंचा भुपेंद्र अंकुशच्याच वर्गातला. पोलिसात गेला आणि गडचिरोलीत नक्षलवाद्यांशी झालेल्या चकमकीत मारला गेला. रुखमिणीबाईंच्या दारात हा विषय घेऊन जायची कोणाची छाती होणार नाही, असा भैय्याजींचा अंदाज. मॅडम दुसऱ्याच दिवशी सकाळी गेल्या. बाई अंगणात लाखोळीची डाळ पाखडत होत्या.

“मावशी, अंकुशचं नाव फलकावर ठेवू की पुसू? तुमी म्हणाल तसं.”

सूप थांबलं नाही. “पुसून माहा पोरगा येते काय?”

“नाही.”

“माह्या भुपेंद्रचं नाव आहे का व त्या फळीवर?”

भुपेंद्रला सेहेचाळीस टक्के होते.

“एकाच बाकावर बसत होते दोघं. एकाच तलावात डुंबत. माह्या घरी जेवत होता थो. तुमाले पहिला नंबरच दिसते, मॅडम. माहा तं कोणाले दिसलाच नाही.” आता सूप थांबलं. “लिवाचं असन तं सगळ्यायचं लिवा. नाही तं फळी जाळा.”

मॅडम शाळेत आल्या आणि २०१० चं दहावीचं हजेरीपत्रक काढलं. अडतीस नावं. पंधरा दिवस फोन करकरून त्यांनी एकेकाचा पत्ता लावला. चौदा जण धान करतात, पाच पुण्याला कंपनीत, एक ग्रामसेवक, एक झाडीपट्टीच्या नाटकात खलनायक. बहुतेकांचे बाप शेतकरी, बहुतेकांचे गुण बरे. या यादीवरून कोण बंदूक उचलेल, हे कोणीही सांगू शकलं नसतं, आणि तेच त्यांना मुलांना दाखवायचं होतं.

अडतीसही नावं फलकावर लिहायची म्हटल्यावर भैय्याजी भडकले. पण यादीत कुलदीपही होता. शेवटी म्हणाले, “बरं, त्याच्या नावापुढं दुकानाचं नाव येते काय?”

पेंटर तुलाराम शिडीवर चढला. भुपेंद्रपुढे त्याने ‘पोलीस शिपाई, कर्तव्यावर मृत्यू’ लिहिलं. अंकुशपाशी ब्रश थांबला.

“इथं काय लिवू?”

“नक्षलवादी, तुरुंगात. आणि सगळ्यांच्या खाली लिही, गणित शिक्षिका, कामिनी कापगते.”

“तुमचं कायले जी, मॅडम? लोक बोट दाखवतीन.”

“दाखवू दे. मी इथंच असते, अकरा ते पाच. येऊन विचारा म्हणावं.”