ओझेला खाली बसली

आमच्या चर्चच्या मंडळीत 'खाली बसवणं' म्हणजे कुणाला खुर्ची देणं नव्हे. तुमचं पाऊल घसरलं की पाळक तुम्हाला खाली बसवतात. गाणाऱ्यांत असाल तर झगा काढून ठेवायचा, दारावर सेवेला असाल तर पांढरे हातमोजे परत करायचे, आणि शेवटच्या बाकावर बसून वळून वळून बघणाऱ्यांच्या नजरा झेलायच्या. कुणाची पोरगी लग्नाआधी पोटुशी राहिली, कुणी डीकन, म्हणजे मंडळीचा नेमलेला सेवक, दारू पिऊन सापडला, त्यांना बसवलेलं मी पाहिलंय. मी दारावरचीच. केस पिकेपर्यंत त्या दारात उभी राहिले, उशिरा येणाऱ्यांना अडवलं, पोरांना च्युइंग गम थुंकायला लावला. पण मदर ओझेला टगलला खाली बसवलं, त्या दिवशी माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून उतरलेली नाही.

'मदर' म्हणजे आमच्या मंडळीतली मानाची वडीलधारी बाई, पांढरा पोशाख, पहिला बाक. ओझेला मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून लग्न करून मेम्फिसला आलेली. इस्पितळाच्या धुलाईखान्यात जन्मभर चादरींना इस्त्री केली. बोलायची कमी, आणि बोलली की समोरचा गप्प. नवरा रूफस आमचा डीकन. रविवारी उपासना सुरू व्हायच्या आधी तो उभा राहून जुन्या गीताची एकेक ओळ सांगायचा, आणि मंडळी ती ओळ लांब ताणून म्हणायची. शब्द संपले की ओझेला उठायची. मग तिचा तो हुंकार. त्याला शब्द नाहीत, चाल म्हणावी तर तीही धड नाही. पोटातून वर यायचा आणि आख्ख्या चर्चात भरून राहायचा. मी बाकांवर हातपंखे वाटता वाटता थांबायची. अंगावर सरसरून काटा यायचा, अगदी दर रविवारी.

आमची जुनी माणसं सांगायची, शब्दांत मागितलंस तर सैतानही ऐकतो आणि आडवा येतो. हुंकारलीस तर त्याला ओ की ठो कळत नाही. ते फक्त तुझं आणि देवाचं. ओझेलाला हे तिच्या आजीनं शिकवलेलं, आणि त्या आजीला मालकाच्या शेतात तोंडातले शब्द गिळायची चांगलीच सवय होती. मी एकदा विचारलं, "बाई गं, रोज काय मागतेस एवढं?"

"तुला सांगायचं असतं तर हुंकारले कशाला असते, बावळट?" ती म्हणाली.

रूफस गेला तो छातीच्या दुखण्यानं, एका वसंतात. त्याच्या शवपेटीपाशी ती उभी राहिली आणि जे हुंकारली ते पुन्हा कधी ऐकायला मिळू नये. पेटीचे खांदेकरी, ते धिप्पाड पुरुष, भिंतीला टेकून ढसाढसा रडले. तेव्हा आमच्याकडे प्रत्येक उपासनेची कॅसेट व्हायची, घरी पडून असलेल्या आजाऱ्यांना ऐकवायला. त्या दिवसाचीही झाली. एक ओझेलाला दिली. तिनं ती डोक्याच्या रुमालांखाली कपाटात ठेवली आणि कधी लावली नाही.

आता तिच्या पोराबद्दल. केल्विन. लहानपणी बाकावर चमचे बडवायचा, मी दोनदा त्याचा कान पिळला होता. ताल मात्र रक्तातच. मिसरूड फुटलं तसा त्याचा टाय सुटला, मग रविवार सुटला. मागच्या खोलीत यंत्रं आली, मित्र आले, दिवसभर धाडधाड चालायचं आणि ओझेला झाडूच्या दांड्यानं भिंत ठोकायची. तो रॅप करायचा, कॅसेटी काढायचा, गाडीच्या डिकीतून विकायचा. नाव काय घेतलं होतं पठ्ठ्यानं? डीकन के.

"डीकन?" ओझेला म्हणाली होती. मी तिथंच शेंगा सोलत बसले होते. "डीकन व्हायला डोक्यावर हात ठेवून प्रार्थना व्हावी लागते. तुझ्यावर रे कुणी हात ठेवला?"

"रस्त्यानं ठेवला, मम्मा."

"मग जेवायलाही रस्त्यावरच जा."

तो हसला आणि तिच्याच ताटातला मक्याचा पाव उचलून गेला. असं त्यांचं चालायचं. मायलेकांत प्रेम नव्हतं असं कुणी म्हणालं तर मी त्याच्या तोंडावर दार लावीन.

मग तो दिवस. आम्ही दोघी दुकानातून पालेभाजीच्या जुड्या घेऊन चौकात उभ्या होतो. सिग्नलला एक गाडी आली. डिकीत एवढाले स्पीकर, मागच्या दुकानाची काच थरथरत होती. मी नाक मुरडून म्हणाले, "आली यांची वरात!" आणि ओझेलानं माझा दंड धरला. नखं रुतली.

त्या धाडधाडीच्या खालून तीच येत होती, ओझेला, रूफसच्या पेटीपाशी हुंकारणारी. तोच तुकडा, पुन्हा पुन्हा, गोल गोल फिरवलेला. आणि त्याच्यावर केल्विनचा आवाज. बंदुका, पैसा, कोण कुणाला घाबरतो. आणि बायकांना एक हाक. तो शब्द मी इथं लिहिणार नाही. माझ्या बापानं दारूच्या नशेतही माझ्या आईला तो कधी म्हटला नाही.

सिग्नल सुटला, गाडी गेली. आत कोण होतं सांगू? रेव्हरंड ग्रँडबेरींचा, आमच्या पाळकांचा सख्खा भाचा. मान डोलावत होता.

ओझेला एवढंच म्हणाली, "व्हर्डी, ते रूफसचं होतं." भाजी तिथंच फूटपाथवर राहिली.

केल्विन संध्याकाळी आला. ती पायऱ्यांवर बसून होती. मला जा म्हणाली नाही, म्हणून मी गेले नाही.

"कुठून घेतलंस?"

"कपाटातून. परत जागेवर ठेवली ना, मम्मा."

"मला विचारलंस?"

"तू दिलं असतंस?" तो खालच्या पायरीवर बसला. "ऐक ना. त्या चर्चानं तुला कधी माईक दिला? व्यासपीठावर चढू दिलं? खाली जमिनीवर उभी राहून तू आयुष्य काढलंस. आज आख्खं मेम्फिस तुझा आवाज ऐकतंय. पोरं विचारतात, कोण रे ही बाई, काळीज फाडते."

"मी कुणी ऐकावं म्हणून हुंकारत नाही रे."

मान खाली घालून तो म्हणाला, "डॅडींना पुरलं त्या दिवशी मला रडू आलं नाही. एक थेंब नाही. त्या गाण्यात रडलोय मी. तुला नाही कळायचं."

"रडलास? मग त्यात बायकांना शिव्या कशाला?"

"ते तसंच असतं, मम्मा. त्याशिवाय कुणी घेत नाही."

"म्हणजे बापाचं मरण विकलंस, आणि वर मीठमसाला लावून."

तो उठून गेला. मला तेव्हा त्याचा संताप आला होता, आणि खरं सांगते, थोडी कीवही. चर्चात त्या पोरांसाठी आम्ही काय ठेवलं होतं? टाय बांध, गप्प बस, हात मांडीवर ठेव. जखम झालेलं पोर कुठंतरी ओरडणारच. पण म्हणून आईच्या तोंडातून?

रविवारी रेव्हरंड ग्रँडबेरी उभे राहिले. म्हणाले, ज्याला आपलं घर सांभाळता येत नाही त्यानं देवाच्या घरात पुढं उभं राहू नये. पवित्र आवाज बाजारात गेलाय. मदर टगल पुढची सूचना येईपर्यंत खाली बसतील. याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी. भाचा तिसऱ्या बाकावर बसलेला, टायबिय बांधून, साळसूद. त्याला कुणी काही विचारलं नाही.

ओझेला उठली. पहिल्या बाकावरून, पांढऱ्या पोशाखात, माझ्यासमोरून मागं गेली आणि बसली.

मला वाटलं होतं, महिन्या-दोन महिन्यांत उठवतील. कसलं काय! वर्षं गेली. पुढची सूचना काही येईना आणि रेव्हरंडना ती द्यायची आठवण होईना. आणि इथं ओझेलानं एक वेडेपणा केला, आमच्याच माणसांना सुचेल असा. तिनं घरीही हुंकारणं सोडलं. मी तिला शिव्या दिल्या. "अगं, त्यांनी चर्चात बसवलंय, स्वयंपाकघरात नाही!"

"बसवलेल्या माणसानं तोंड उघडायचं नसतं."

"आणि देवाशी कोण बोलणार? मी?"

"वाट बघायची," ती म्हणाली. मग भांडं घासता घासता, माझ्याकडे न बघता: "फोन कापल्यासारखं झालंय गं. तिकडून कुणी आहे का नाही, तेही कळत नाही. मला फक्त एकदा पुन्हा तिथं उभं राहायचंय, व्हर्डी. लागतो का बघायचंय." एवढंच हवं होतं तिला.

दरम्यान केल्विनचं लग्न झालं, त्याला पोरगी झाली, ब्रिएल. गोड पोर, आजीच्या मांडीवरून उतरायची नाही. मायलेक त्या पोरीच्या निमित्तानं पुन्हा बोलायला लागले. त्या गाण्याबद्दल मात्र कुणी शब्द काढत नसे.

आणि इकडं आमचे बाक रिकामे पडायला लागले. पोरं येईनात. बाप्तिस्मे कमी, अंत्यविधी जास्त. तेव्हा रेव्हरंडना साक्षात्कार झाला. युवा रविवार! त्यांनी कुणाला बोलवावं? ज्याच्या नावानं बोटं मोडली त्याच केल्विनला. आता तो मोठा झाला होता ना, रेडिओवर मुलाखती देत होता. आणि मग ओझेलाच्या घरी आले, माझ्यादेखत. म्हणाले, "मदर टगल, प्रभू माझ्याशी बोलला. तुमची वेळ झाली. रविवारी तुम्ही सुरुवात करायची."

मी म्हणाले, "तेव्हा बोलला नव्हता का प्रभू? गावाला गेला होता?"

त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं. पण ओझेला हो म्हणाली.

रविवारी चर्च गच्च भरलं. रेव्हरंड झग्याखाली कोरे करकरीत खेळाचे बूट घालून आले, या वयात! केल्विननं आईसाठी पांढरी रुंद कडेची हॅट आणली होती. तिनं ती घातली. खूप दिवसांनी मी तिला पहिल्या बाकापर्यंत सोडायला गेले. माझा हात तिनं घट्ट धरला होता. मुलांचा गायकवृंद पुढं उभा, ब्रिएल पहिल्या रांगेत, माईकच्या अगदी पुढ्यात. केल्विन समोर बसलेला.

ओझेला उभी राहिली, डोळे मिटले. आणि आला. देवा रे, तोच हुंकार, जुना, तसाच, जराही गंजलेला नाही. मी म्हटलं लागला, फोन लागला!

तेवढ्यात मागच्या बाकांवरून टाळ्या पडायला लागल्या. प्रार्थनेच्या नव्हेत त्या, तालाच्या. धाड, धाडधाड. पोरांनी ओळखलं होतं. त्यांना ओझेला माहीत नव्हती, गाणं माहीत होतं. माना डोलायला लागल्या. आणि जिथं गाण्यात केल्विन सुरू होतो, नेमकं तिथं, माईकमधून एक कोवळा आवाज आला. ब्रिएल. तिनं ती ओळ म्हटली, त्या शब्दासकट, बापाच्याच ठेक्यात.

कुणीतरी फिसकन हसलं. ओझेलाचा हुंकार मध्येच तुटला. तिनं डोळे उघडले. "काय म्हणालीस, बाळा?"

पोरीला वाटलं, आजीला ऐकू आलं नाही. तिनं माईक दोन्ही हातांनी धरला आणि तो शब्द आणखी मोठ्यानं, हसत हसत म्हटला.

केल्विनच्या तोंडावरचा रंग उडाला. रेव्हरंड आपले बूट बघत होते. ओझेलानं नातीच्या डोक्यावर हात ठेवला, म्हणाली, "आवाज छान आहे गं तुझा." मग हॅट काढून पहिल्या बाकावर ठेवली, मधल्या वाटेनं चालत शेवटच्या बाकापाशी आली आणि बसली. या वेळी तिला कुणी बसवलं नव्हतं.

बाहेर पायऱ्यांवर केल्विन रडत होता. "मम्मा, शपथ घेतो, मी तिला ते कधी शिकवलं नाही."

"मीही तुला नव्हतं शिकवलं," ओझेला म्हणाली. त्याचे डोळे तिनं आपल्या रुमालानं पुसले, आईच ती. पण त्याच्यासोबत गाडीत बसली नाही, माझ्याबरोबर चालत आली.

त्यानंतर ती हुंकारली नाही. ना चर्चात, ना घरी. परवा मी तिच्याकडे जेवायला होते. तिनं ताटावर हात जोडले आणि सरळ शब्दांत, मोठ्यानं प्रार्थना म्हणाली, बाजारातली यादी वाचावी तशी. मला राहवलं नाही. "अगं, हे काय? सैतान ऐकेल ना!"

"ऐकू दे," ती म्हणाली. "सगळ्या गावाबरोबर त्याचंही पाठ झालंय, व्हर्डी. आता लपवायचं कुणापासून?"