पत्रिकेतलं नाव निघेना

भूतखेत मी मानत नाही. कॉम्प्युटर अडला तर आधी वायर बघावी, मग फाईलच्या परवानग्या. लिंबू-मिरची बांधणाऱ्यांतली मी नाही. तरीही हे लिहितेय...

कळंबला हायवेलगत आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. आधी सासरे, म्हणजे नाना, बघायचे. ते गेल्यावर मी. कॉम्प्युटरही मीच नवा घेतला. त्यावर अकाउंट एकच — माझं.

गेल्या उन्हाळ्यात बोरी बुद्रुकचे बबनभाऊ आले. धाकट्या मुलीचं लग्न तोंडावर, पत्रिका त्याच दिवशी हव्या होत्या. थोरलीची पत्रिका नानांनी केलेली. जुन्या मशीनवरून आणलेली तीच फाईल उघडली. नवरी, नवरदेव, तारीख बदलली. सगळं सेव्ह झालं.

"वैनी, दिनकरचं नाव काढा. सख्खा भाऊ आसंल, पन माझा बांध कोरलाय त्यानं!"

काढलं. सेव्ह केलं... परवानगी नाही!

प्रॉपर्टीज उघडल्या. माझ्या नावापुढे सगळ्या खुणा — वाचणं, लिहिणं, पूर्ण ताबा. आणि फाईलचा मालक? नाना. या मशीनवर त्यांचं अकाउंट कधी नव्हतंच! मालकी माझ्याकडे घेतली. पुन्हा सेव्ह... परवानगी नाही. मालक परत नाना. वेगळ्या नावानं कॉपी केली, तिचेही मालक नानाच.

दिनकररावांचं नाव होतं तिथं टाकलं. मुकाट सेव्ह झालं.

बबनभाऊ खुर्चीतून उठलेच. "नाना मागंच म्हनलं व्हतं, भावकी गाळून पत्रिका छापनार न्हाई!"

"भाऊ, नाना आता नाहीत."

"मंग ह्यो कोन अडवतोय? तुमी सून हाय, तुमी सांगा त्यांना."

"नाना, गिऱ्हाईक खोळंबलंय," मी स्क्रीनला म्हटलं. (घरी सांगू नका.) नाव काढून परत बघितलं. नाहीच.

"ऱ्हाऊ द्या," भाऊ धुसफुसत म्हणाले. "पन त्याला पत्रिका द्यायला मी जानार नाय." गठ्ठा घेऊन पायरी उतरले, परत आले. "त्याची एक गठ्ठ्यातनं वायली काढून द्या. जाता जाता टाकतो दारात."

लग्नात दोघे भाऊ एकाच सतरंजीवर बसून त्याच बांधावरून भांडत होते. जेवले मात्र शेजारी.

कॉम्प्युटर दोन जणांना दाखवला. दोष काही नाही. मलाही कारण सापडलेलं नाही.

आता आमच्या मुलाचं लग्न ठरलंय. माझ्या जावेचं नाव पत्रिकेत नको, हे माझं पक्कं आहे. म्हणून फाईल अगदी नवी, कोरी केलीय.

तिचा मालक कोण, ते अजून बघितलेलं नाही.