घशातला काटा

गळ्यावर दोन बोटं टेकवायची आणि म्हणायचं, "हितंच. काटा अडकल्यागत वाटतंय बघा." भिगवणच्या माझ्या मेडिकलमध्ये आबा यायचे ते असे.

आबा मासळीबाजारात लिलाव पुकारायचे. सकाळी उजनीची मासळी उतरली, की त्यांचा आवाज रस्त्यापलीकडून माझ्या काउंटरपर्यंत यायचा. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, ज्याला हळू बोलणं ठाऊकच नसतं. त्याचा घसा बसला तर नवल कसलं? मलाही वाटलं नाही. मी चघळायच्या गोळ्या द्यायचो, मिठाच्या गुळण्या सांगायचो.

"गुण यील का?" आबा विचारायचे.

"येईल की."

दोन महिने मी हेच म्हणत राहिलो. आबांनी कोरड्या भाकरीचे घास न चावता गिळून पाहिले, केळी खाल्ली. काटा खाली जाईना. त्यांच्या खिशातलं बिडीचं बंडल मला दिसायचं. किती दिवस झाले, हे एकदा नीट विचारावं, असं मनात यायचं आणि राहून जायचं. दुकानात गर्दी असायची. खरं सांगायचं तर मलाच कंटाळा यायचा.

एका सकाळी बाजारातून दुसऱ्याच कुणाचा तरी पुकारा ऐकू आला. थोड्या वेळाने आबा आले. अंगातला सदरा ढगळ झाला होता.

"आता कानातबी ठणका मारतोय," ते कसंबसं बोलले. "पानीसुदिक गिळंना."

गोळ्यांकडे गेलेला हात मी मागे घेतला. शटर ओढलं, त्यांना मोटारसायकलवर बसवलं आणि बारामतीला घशाच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी नाकातून बारीक नळी घालून आत पाहिलं. "काटा नाही, आबा. स्वरयंत्रावर गाठ आहे. बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही, तर दाखवायला यायचं असतं."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. तेच मला जास्त लागलं.

तपासणीत कॅन्सर निघाला. पुण्यात ऑपरेशन झालं. जीव वाचला, स्वरयंत्र गेलं. आता आबा गळ्याला पाडलेल्या छिद्रातून श्वास घेतात आणि त्यावर पातळ रुमाल बांधतात. सकाळी बाजार भरतो तेव्हा माझ्या दुकानासमोरच्या बाकड्यावर येऊन बसतात. मी चहा मागवतो. माफी मागायची अजून राहिलीच आहे.

परवा ढाब्यावरचा एक आचारी आला. भट्टीच्या धुराने दीड महिना घसा धरलाय म्हणाला, काहीतरी द्या. मी बोलणार, तोच आबा उठले. त्यांनी रुमाल सोडला.

"हे काय झालं वो, आबा?" आचारी दचकून म्हणाला.

आबा उत्तर कुठून देणार? त्यांनी त्याचं मनगट धरलं, जपून हायवे ओलांडला आणि त्याला बारामतीच्या जीपमध्ये बसवलं. जीप हलेपर्यंत ते दाराला हात लावून उभे होते.