शटरवरची चार वर्षं

बायोमेडिकल इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष पास होऊन मी नेकनूरला घरी आले ती हवेतच. पुढच्या दोन वर्षांचे विषय आता आपले आपण निवडायचे होते! मला सगळेच हवे होते. हृदयाचे सिग्नल, कृत्रिम हात, एमआरआय, सगळे. पण कुठला विषय कुठल्याच्या आधी घ्यायचा, हा गुंता कागदावर काही मावेना.

शुक्रवार होता. अब्बांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान दुपारचं बंद. मी त्यांचा पंक्चरवर खूण करायचा खडू उचलला आणि शटरवर अख्खी डिग्री मांडली. सगळ्यात वर पहिलं वर्ष, सगळ्यात खाली चौथं, मध्ये बाणच बाण. खडू संपला तेव्हा मी भर रस्त्यात एकटीच खिदळत होते. फोटो काढायचंसुद्धा भान नव्हतं.

अब्बा नमाजहून आले. "इतके बाण कावून गं?"

"आधी गणित, मग सिग्नल, मग ईसीजी, अब्बा!"

"लई लांब हाय की."

तेवढ्यात एक पोरगा गाडी ढकलत आला. अब्बांनी शटरला हात घातला. गुंडाळलं की खडू पुसणारच. पहिलं वर्ष खडखडत वर गेलं. दुसरं गेलं. तिथं अब्बांनी शटर थांबवलं.

"पूर्ण उघडा की, चाचा," पोरगा कुरकुरला.

"न्हाई. झालेली वर्षं गुंडाळली, राह्यलेली भायेर हायत. वाकून ये बे."