टेकविन हातोडीचा कार्डिफमधला लिलाव

वेल्श भाषेसाठी सरकारशी भांडणारा माणूस कसा असावा, याची वेल्समधल्या आमच्या बाला गावाची एक ठरलेली कल्पना आहे. ताठ मान, खणखणीत आवाज आणि नजरेत जरब. यातलं माझ्याकडे काहीही नाही. मी निवृत्त बस ड्रायव्हर, गाव मला ‘इद्वल बस’ म्हणतं. भाषा समितीचा अध्यक्ष झालो तोही निवडीच्या वेळी बाकीचे सगळे चॅपलच्या मागच्या खोलीत चहा ओतायला गेले होते म्हणून. परत आले तेव्हा खुर्चीत मी होतो, आणि बसलेल्याला उठवणं आमच्याकडे असभ्य समजतात.

पण ही गोष्ट टेकविनची आहे. माझ्या थोरल्या बहिणीचा, नान्सीचा नवरा, आणि त्याआधी माझा शाळेपासूनचा मित्र. मेंढीबाजारात लिलाव पुकारायचा, म्हणून ‘टेकविन हातोडी’. एका श्वासात वेल्शमधून मेंढीची स्तुती आणि इंग्रजीतून व्यापाऱ्याची फजिती, अशी त्याची जीभ चालायची. मी बाजारात दिसलो की हातोडी माझ्याकडे वळायची. “आणि हा बघा, मंडळी, म्हातारा मेंढा! दात नाहीत, पण बस चालवतो. कोण घेतो?” सगळा बाजार हसायचा. मी वरवर चिडायचो, पण बाजाराचा दिवस कधी चुकवला नाही.

गेल्या शरदात त्याला मेंदूचा झटका आला. हातपाय वाचले, वाचा गेली. काही आठवड्यांनी एकेक शब्द परतू लागला, पण परतले ते सगळे वेल्श. इंग्रजी गेली ती गेलीच, समोरचा इंग्रजीत काय म्हणतो तेही त्याला उमगेना. डॉक्टर म्हणाले, पहिल्या वर्षात जेवढं बोलणं परत येईल तेवढं आपलं, नंतरचं सांगता येत नाही.

बोलायला शिकवणारी एक मुलगी घरी येऊ लागली. इंग्लंडहून आलेली, गुणी पोर, पण वेल्शचा गंध नाही. तिने मेंढीचं चित्र दाखवलं. टेकविन म्हणाला, “दावद.” आमच्याकडे मेंढीला दावदच म्हणतात. तिने प्रेमाने नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा प्रयत्न करायची खूण केली. ज्याने जन्मभर मेंढ्या विकल्या, त्याला मेंढी ओळखता येत नाही असं ठरलं. त्यानंतर ती आली की टेकविन हाताची घडी घालून खिडकीबाहेर बघत बसायचा.

नान्सी तडक माझ्या दारात. “इद, अध्यक्ष आहेस ना तू? का नुसता बिस्किटं खायला अध्यक्ष?”

“करतो ना. फोनच करतो.”

“कर. माझ्यासमोर कर.”

आरोग्य मंडळाला फोन लावला. वेल्शसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन. एक दाबला तर हार्पचं संगीत सुरू झालं आणि थांबेचना. नान्सी किटली ठेवायला आत गेली तेवढ्यात मी दोन दाबला. लगेच माणूस मिळाला. वेल्श बोलणारी शिक्षिका का नाही, म्हणून मी त्याला चांगलं खडसावलं, अस्खलित इंग्रजीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पुढे सरकारचं उत्तर आलं की वेल्श सेवेला मागणीच नाही, त्या लाइनवर कोणी फोन करत नाही. नान्सीने समितीच्या बैठकीत विचारलं, “दोन कोण कोण दाबतं?” सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. शेवटी खाटकाची बायको म्हणाली, “अगं, ती सरकारी वेल्श फार भारी असते. आपली कुत्र्याला हाका मारण्यापुरती.” खरं कारण त्याहून साधं होतं. आम्ही भिडस्त माणसं. खोलीत बारा जण वेल्श बोलत असू आणि एक इंग्रज आत आला, की बाराही जण त्याला वाईट वाटू नये म्हणून इंग्रजीकडे वळतो, फाटकातून मेंढ्या वळाव्यात तसे. त्याने सांगितलेलं नसतं. त्याला बिचाऱ्याला पत्ताही नसतो.

तरी नान्सीने सोडलं नाही. तिच्या तगाद्यामुळे कार्डिफमधल्या, वेल्सच्या संसदेतल्या एका समितीने आम्हाला साक्षीला बोलावलं. मी भाषण तयार केलं, शुद्ध वेल्शमध्ये, आणि शेडमध्ये ट्रॅक्टरपुढे पाठ केलं. ट्रॅक्टरने कुठेही हरकत घेतली नाही.

फेब्रुवारीत निघालो. मी गाडी चालवत होतो आणि मागे नान्सी टेकविनच्या मांडीवर शाल नीट करत होती. वळणावळणांच्या रस्त्यावर अंड्याचं सँडविच कोणाला सोसतं आणि कोणाला नाही, हेही आम्हाला कळलं. मला सोसलं नाही.

समितीच्या खोलीत प्रत्येकापुढे भाषांतर ऐकायला कानाला लावायचं यंत्र होतं. अध्यक्षीणबाई वेल्श बोलणाऱ्या. समोर सरकारतर्फे आलेला अधिकारी. त्याच्या शेजारचे सभासद गृहस्थ इंग्रज. त्यांनी यंत्र कानाला लावलं, माझ्याकडे बघून गोड हसले आणि “गुड मॉर्निंग” म्हणाले.

झालं. भाषणातला शब्दन् शब्द मला आठवत होता, पण तोंड उघडलं ते इंग्रजीत. नान्सीने टेबलाखालून नडगीवर लाथ घातली. मला वाटलं, तिचा पाय अवघडला असेल. मी माझा पाय बाजूला घेतला आणि वेल्श सेवेची निकड इंग्रजीतून आणखी जोरात मांडू लागलो. मांडणी, खोटं कशाला बोलू, चांगली होती.

टेकविन यंत्र कानाला लावून बसला होता. त्याने ते काढलं, हलवलं, फुंकर मारली, बटण फिरवलं, पुन्हा लावलं. मग मोठ्याने, वेल्शमध्ये म्हणाला, “बिघडलंय.”

अध्यक्षीणबाई टेकविनकडे वाकल्या. “काय झालं, मिस्टर प्रिचर्ड?”

“हे... बिघडलंय. इद्वल... तोंड हलतंय. येत... काही नाही.”

शिपाई धावत आला, यंत्र तपासलं. ठणठणीत होतं. अध्यक्षीणबाईंनी ते त्याच्या हातून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सावकाश सांगितलं, “हे वेल्शचं इंग्रजी करतं. इंग्रजीचं वेल्श करत नाही. वेल्समध्ये इंग्रजी न कळणारं कोणी नाही, असं आपण धरून चाललो आहोत.”

आपल्यासाठी कोण काय बोलतंय हे न कळणारा त्या खोलीत एकच माणूस होता, आणि मी त्याचीच बाजू मांडायला आलो होतो. मला इतकी लाज वाटली की टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं. नान्सीची लाथ तिथेही पोचली असती, म्हणून बसून राहिलो.

त्या इंग्रज सभासदाने कानातलं यंत्र काढून अधिकाऱ्याला विचारलं, “यांच्यासाठी वेल्श बोलणारी शिक्षिका कधी मिळेल?”

“दोन वर्षांच्या आत, असा आमचा मानस आहे.”

अध्यक्षीणबाईंनी ते टेकविनला वेल्शमध्ये सांगितलं. टेकविन सरळ बसला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की असा झटका आला तरी जन्मभर घोकलेलं कधीकधी शाबूत राहतं, आकडे, प्रार्थना, शिव्या. लिलावाचं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

“दोन वर्षं!” त्याने टेबलावर मूठ टेकवली. “दोन आहेत, मंडळी, दोन! कोण खाली येतो? दोन, एकदा...”

सगळे अधिकाऱ्याकडे बघू लागले. त्याच्या कानातल्या यंत्रातून हे सगळं इंग्रजीत पोचत होतंच. बिचाऱ्याने बिचकत एक बोट वर केलं.

“एक! या साहेबांकडून एक वर्ष! सडपातळ माल आहे, मंडळी, आणखी खाली येईल. एक, एकदा... एक, दोनदा...”

कुठे अडखळणं नाही. शरदापासून मी तो आवाज ऐकला नव्हता. नान्सीने माझा हात घट्ट धरला होता, म्हणजे लाथ माफ होती.

अधिकारी लालबुंद होऊन म्हणाला, “सहा महिने.” अध्यक्षीणबाईंनी तेही वेल्शमध्ये सांगितलं.

“सहा! एकदा, दोनदा...” मूठ आपटली. “दिलं!”

कामकाजात नोंद झाली. आमच्याकडे मूठ आपटल्यावर बोली मागे घेता येत नाही, पण सरकार कुठे मेंढीबाजारात वाढलेलं? म्हणून नान्सी दर सोमवारी फोन करायची, एक दाबून. हार्प ऐकत तिने टेकविनचा अख्खा स्वेटर विणला. आम्ही सगळेच एक दाबू लागलो, खाटकाची बायकोसुद्धा. वेल्श लाइन तुंबली.

ऑगस्टमध्ये, मेंढ्यांची कातरणी आटोपल्यावर, मारेद नावाची मुलगी आली. दोन खोरी पलीकडची, वेल्श बोलणारी. तिने मेंढीचं चित्र पुढे धरलं.

“दावद,” टेकविन म्हणाला.

“बरोब्बर. कशी आहे?”

त्याने चित्र जवळ घेतलं, लांब धरलं. “महाग,” म्हणाला.

तेवढ्यात मारेदचं काम बघायला आलेला एक इंग्रज विद्यार्थी गाडी लावून आत आला. मी चहाची किटली घेऊन उभा होतो. बिचाऱ्याला परकं वाटू नये म्हणून त्याची चौकशी सुरू केली, आणि त्याला सांगताना मारेदशीही इंग्रजीतच बोलू लागलो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

टेकविनने चमचा उचलून कपावर टणकन वाजवला. मारेदकडे बघत माझ्याकडे बोट केलं.

“बिघडलंय.”

मग थांबला. शब्द शोधताना त्याच्या कपाळावर आठ्या पडल्या, आणि आम्ही कोणी त्याला मदत केली नाही.

“म्हातारा... मेंढा. दात... नाहीत. कोण... घेतो?”

नान्सी मांडीवरच्या लोकरीच्या गुंड्यात तोंड खुपसून रडत होती की हसत होती, कळलं नाही. मी तर सरळ रडलो, किटली हातात धरून. वर्षभरात त्याने केलेली माझी ती पहिली थट्टा होती.

टेकविनने चमचा वर धरून खोलीभर नजर फिरवली. बोली कोणीच लावली नाही.