एक ओळही न लिहिणारे सर

ती घटना आठवली की आजही माझा गोंधळ उडतो. गुन्हा उघड झाला, आरोपीला अटक झाली, दोषारोपपत्र मुदतीत कोर्टात गेलं. कागदावर सगळं स्वच्छ आहे. तरी त्या प्रकरणातल्या एका साध्या प्रश्नाचं उत्तर मला सेवेत असताना मिळालं नाही आणि निवृत्त झाल्यावरही मिळालेलं नाही. संबंधित माणसं अजून त्याच भागात राहतात, म्हणून नावं कोणाचीच लिहीत नाही.

मी तेव्हा जालना जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली होती. एकाला समन्स बजावायला पाठवलं, दोघांना आठवडी बाजाराच्या बंदोबस्ताला लावलं आणि टपाल बघायला बसलो, तेवढ्यात ठाणे अंमलदार आत आला.

"साहेब, मंठ्याहून एक सर आलेत. तक्रार काय ते सांगत नाहीत. तुम्हालाच भेटायचं म्हणतात."

आत आलेले गृहस्थ पन्नाशीचे, इस्त्रीचा शर्ट, पायांत साध्या चपला. हायस्कूलला गणित शिकवतात म्हणाले. खुर्चीच्या कडेला बसले आणि खिशातला मोबाइल काढून हातात धरला. शेवटी मीच विचारलं, "बोला सर."

"एक बाई आहेत. त्यांचं काहीतरी बरंवाईट झालंय, असं मला वाटतंय."

"तुमच्या कोण त्या?"

"कोणी न्हाई."

"ओळखीच्या?"

"त्या मला ओळखत न्हाईत."

"मग तुम्ही त्यांना कसं ओळखता?"

"वाचतो त्यांना."

मला वाटलं, काही पुस्तकबिस्तक असेल. तसं नव्हतं. मोबाइलवर परसबागेचा एक ग्रुप होता. घरामागे भाजीपाला लावणारे, गावरान बियाण्यांची देवाणघेवाण करणारे शेकडो लोक त्यात. आमच्या हद्दीतल्या एका गावातली विधवा बाई त्या ग्रुपची जणू कारभारीण होती. सगळे तिला मावशी म्हणत. मूलबाळ नाही, एकटी राहायची. रोज सकाळी झाडांना पाणी घातलं की काहीतरी लिहायची, लोकांना झापायची. सरांनी मला मोबाइल दाखवला. मावशींचं लिहिणं असं होतं : 'गवारीला मुंग्या लागल्या म्हणून काय रडून राह्यले? राख टाका न् गप बसा.' दुसरीकडे : 'काल वांग्यायला पाणी न्हाई देलं. आज मान टाकून बसले, रुसल्यावानी.'

आणि मग अलीकडचा मजकूर : 'नमस्कार सर्वांना. मी सध्या बहिणीकडे सुरतला आले आहे. तब्येत उत्तम आहे. कृपया फोन करू नये. धन्यवाद.' त्याखाली लोकांनी हात जोडले होते, फुलं पाठवली होती, 'मजा करा मावशी' असं लिहिलं होतं.

"हे त्यांनी लिहिलेलं न्हाई," सर म्हणाले. "दुसरंच कोणीतरी लिहून राह्यलंय."

"एवढ्यावरून?"

"साहेब, मावशी 'कृपया' कधीच म्हणणार न्हाईत."

पोलिसाच्या नोकरीत माहिती देणारे पुष्कळ भेटतात. कोणी सूड म्हणून येतो, कोणी बक्षिसासाठी, कोणी स्वतःवरचा संशय दुसरीकडे वळावा म्हणून. या माणसाला मी कोणत्याच खणात टाकू शकत नव्हतो. मी विचारलं, "तुम्हाला शंका आली तर ग्रुपवरच का नाही विचारलं? 'मावशी, हे तुम्हीच लिहिलंय का?' एक ओळ लिहायची."

सर अवघडले. "मी तिथं कधी लिहीत न्हाई."

"कधीच?"

"दोन वर्षं झाली. एकदाही न्हाई. आता एकदम लिहायचं म्हणजे... लोक म्हणतील, हा कोण?"

"म्हणजे ग्रुपवर एक ओळ लिहायला तुम्ही घाबरता, आणि पोलीस ठाण्यात थेट चालत येता?"

त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "हो."

खरं सांगतो, त्या क्षणी माझा पहिला संशय त्यांच्यावरच गेला. एकट्या राहणाऱ्या बाईचं लिहिणं दोन वर्षं रोज वाचणारा, तिच्याशी अवाक्षर न बोलणारा पुरुष. मी त्यांना बाहेर बाकावर बसायला सांगितलं, स्टेशन डायरीत नोंद घेतली आणि हवालदाराला त्यांची माहिती काढायला लावलं. माहितीने गुंता आणखी वाढला. सर दुसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहत होते. बाग सोडा, खिडकीत तुळससुद्धा नव्हती. त्यांच्या पत्नीला या ग्रुपचा पत्ताच नव्हता. वर्गात हे गृहस्थ इतके बोलत की मुलं त्यांना मागून रेडिओ म्हणत.

ठाण्यातल्या महिला हवालदार मावशींच्याच गावाकडच्या, माणसं बरोबर ओळखणाऱ्या. त्यांना मी मावशींच्या गावाला पाठवलं. दुपारी त्या परत आल्या.

"साहेब, घराला कुलूप आहे. शेजारीपाजारी म्हणून राह्यले, मावशी काशीयात्रेच्या गाडीत गेल्या. पुतण्यानं बसवून देलं म्हणे. पुतण्या चांगला आहे म्हणतात सगळे. बाईचं शेत तोच बघतो."

"काशीला? सुरतला नाही?"

"सुरतचं नाव कोणी घेतलं न्हाई."

मी बाहेर जाऊन सरांना विचारलं, "मावशींची सुरतची बहीण तुम्हाला माहीत आहे का?"

"बहीण होती. ती वारली. मागच्या हिवाळ्यात कोणीतरी राखीव बियांबद्दल विचारलं होतं, तेव्हा मावशींनी लिहिलं होतं की हे दोडक्याचं बी माझ्या बहिणीचं, ती गेली, बी राह्यलं."

मी चिडलो. "अहो, हे सकाळीच का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं न्हाई."

हा माणूस लबाड आहे की भोळा, हेच मला कळेना. पण आता हातात दोन गोष्टी होत्या. गावाला एक सांगितलं गेलं होतं, ग्रुपला दुसरं. खोटं बोलणारा माणूस बहुधा इथेच चुकतो. दोन वेगळ्या लोकांना दोन वेगळ्या थापा मारतो, कारण ते दोघे कधी एकमेकांना भेटणार नाहीत अशी त्याची खात्री असते. मी मावशींच्या मोबाइलचं लोकेशन मागवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. फोन काशीलाही गेला नव्हता आणि सुरतलाही नाही. तो गावाच्याच टॉवरखाली होता.

पुतण्याला चौकशीला बोलावलं. तिशीचा, नीटनेटका, बोलणं अदबीचं. 'साहेब, साहेब' करत होता.

"काकू यात्रेला गेल्या, साहेब. येतील पंधरवड्यात."

"फोन?"

"घरीच राह्यला. जल्दीत विसरल्या."

"कुलूपबंद घरात?"

"हो साहेब. बिलकुल."

मी ग्रुपवरचा तो मजकूर त्याच्यासमोर ठेवला. "मग कुलूपबंद घरातला फोन हे कसं काय लिहितो?"

त्याने स्क्रीनकडे पाहिलं. चेहरा बदलला नाही, पण उजवा पाय हलायला लागला. चौकशीत मी तोंडापेक्षा पायांकडे जास्त बघत असे. तोंडाला खोटं बोलायची सवय असते, पायांना नसते. महिला हवालदार शांतपणे म्हणाल्या, "बाबा, बाई जिवंत हाय का, एवढंच सांग आधी."

तो एकदम खाली बसला. म्हणाला, "हायेत. आखाड्यावर हायेत."

आमच्याकडे शेतातल्या घराला, गोठ्याला आखाडा म्हणतात. आम्ही गाडी काढली. पत्र्याची खोली, एका बाजूला सरकीची पोती, दुसऱ्या बाजूला बाज. बाजेवर मावशी. लकवा मारला होता. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. पाठीला जखमा झालेल्या. डोळे मात्र टक्क उघडे होते आणि ते आमच्यावर फिरत होते. महिला हवालदारांनी चमच्याने पाणी पाजलं. बाईंच्या तोंडातून नुसता आवाज निघाला. शब्द नाही. रोज शेकडो लोकांना झापणारी बाई ती. ते दृश्य मला फार लागलं.

पंचनामा झाला, रुग्णवाहिका आली, मावशींना जालन्याला सरकारी दवाखान्यात हलवलं. पुतण्याचा हेतू जबाबातून उलगडला. रस्त्यालगतचा तुकडा गावातल्या शाळेला द्यायचा, असं मावशींनी ठरवलं होतं, मृत्युपत्रासाठी वकिलाला निरोपही दिला होता. त्यातच लकवा आला. पुतण्याने त्यांना दवाखान्याऐवजी आखाड्यावर नेलं. बऱ्या झाल्या तर जमीन शाळेला जाणार. अशाच गेल्या तर आपोआप त्याच्याकडे येणार. त्याने त्यांना मारलं नाही, दोन वेळा पेज पाजली, नुसती वाट बघत बसला. मध्येच ग्रुपमधल्या बायकांचे फोन यायला लागले, एक तर बी घ्यायला घरीच येते म्हणाली. म्हणून त्याने शाळेत शिकलेल्या शुद्ध भाषेत तो मजकूर लिहिला. जबाब संपताना तो मला म्हणाला, "पण साहेब, कोणाला कळलं कसं? ग्रुपमधल्या सगळ्यांनी तर हात जोडले होते."

मलाच ते नीट कळलं नव्हतं.

सरांचा जबाब नोंदवताना मी त्यांना पुन्हा विचारलं की तुम्ही वाचता, पण लिहीत का नाही. 'सवय' म्हणाले. ते काही मला पटलं नाही. पुढे कोर्टाच्या तारखेला भेटले, चहा घेताना पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाले, "लिहिलं की लोक आपल्याला ओळखायला लागतात. मंग आपण कसं दिसून राह्यलो, त्याच्यातच जीव अडकतो. वाचणं राहून जातं." हे मला थोडं पटलं. तिसऱ्यांदा भेटले तेव्हा न विचारताच म्हणाले, "दिवसभर फळ्यासमोर माझाच आवाज ऐकतो ना, साहेब. घरी आल्यावर दुसऱ्या कोणाचा तरी ऐकावा वाटतो." मला तीन वेळा तीन उत्तरं मिळाली. साक्षीदाराने असं केलं असतं तर मी त्याला फैलावर घेतलं असतं. इथे मात्र तिन्ही खरी असावीत असं वाटलं, आणि तिन्ही मिळूनही पुरी पडली नाहीत.

मी त्या ग्रुपच्या ॲडमिन बाईंनाही विचारलं होतं. त्या हसून म्हणाल्या, "साहेब, अर्ध्याहून जास्त लोक असेच आहेत. आधी मला राग यायचा. फुकटात ऐकून जातात म्हणायचे. दोनदा तर गप्प बसणाऱ्यांना काढून टाकायचं ठरवलं होतं. आळसानं राहून गेलं." त्यांनी आळस केला नसता तर मावशी त्या पोत्यांशेजारीच संपल्या असत्या.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? तपासात आम्ही नेहमी विचारतो, कोण बोललं, कोणाचं कोणाशी बोलणं होतं, शेवटचा फोन कोणाचा. कॉल रेकॉर्ड म्हणजे बोलणाऱ्यांचीच नोंद. मावशींच्या कॉल रेकॉर्डमध्ये सरांचा नंबर कुठेच नव्हता. आमच्या हिशेबात हा माणूस तिच्या आयुष्यात नव्हताच. त्यानंतर मी हाताखालच्या अधिकाऱ्यांना सांगायला लागलो, गावात चौकशीला गेलात तर कट्ट्यावर बडबडणाऱ्याचं ऐका, पण त्याच्या शेजारी जो नुसता बसून असतो त्यालाही विचारा. एक करा, नीट विचारा. तो आपण होऊन सांगणार नाही. काहींनी हे मनावर घेतलं, काही हसले. गप्प माणूस म्हणजे शहाणा माणूस असंही नाही, याचे अनुभवही मला भरपूर आहेत. त्यामुळे नियम म्हणून काही सांगता येत नाही.

मावशी सावरल्या. वाचा परत आली, थोडी वाकडी, पण जोरात. घरी आल्यावर डाव्या हाताने एकेक अक्षर दाबत त्यांनी ग्रुपवर लिहिलं, 'मेले न्हाई अजून. भेंडीचं काय केलं तुम्ही लोकायनं?' मला तपासाच्या निमित्ताने ग्रुपमध्ये घेतलं होतं, म्हणून मीही ते वाचलं. लोकांचा नुसता पूर आला. सरांचं नाव त्यात शोधलं. नव्हतं.

सेवानिवृत्तीनंतर एकदा त्या बाजूला गेलो होतो तेव्हा मावशींकडे डोकावलो. काठी टेकत बाहेर आल्या, बळंच जेवायला बसवलं. मी विचारलं, "सर कधी भेटले का तुम्हाला?"

"आल्ते ना एकदा. वट्यावर बसले. चहा घेतला. बाग दावली त्यायला."

"काय बोलले?"

"काहीच न्हाई. मीच बोलत राह्यले, ते ऐकत राह्यले. जाताना 'येतो' म्हणले."

"एवढंच?"

"एवढंच."

"तुम्हाला विचित्र नाही वाटलं? ज्या माणसानं जीव वाचवला तो येतो आणि दोन शब्द बोलत नाही. ग्रुपवर अजूनही काही लिहीत नाही."

मावशींनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. म्हणाल्या, "न्हाई लिहीत तर न्हाई लिहीत. आधी मी सगळ्यायसाठी लिहायचे. आता सकाळी फोन हातात घेते तवा मला माहीत असतं, तिकडं मंठ्याला एक जण बराबर वाचून राह्यला."

मी मान डोलावली. कळलं म्हणून नव्हे. त्या बाईसमोर कळलं नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही.